मामाला हवा तसा बेसवाला

लांब्याचा आवाज मीच बंद केला. बंद केला ते ठीक, पुन्हा चालू करायला विसरलो ते नडलं.

झालं असं. शनिवारी हॉटेलात कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्याच्या वायरीतून भुणभुण येत होती. सगळ्यांचे आवाज जुळवायच्या मिक्सरवरचं त्याचं बटण दाबून मी त्याला गप्प केलं, वायर बदलली, आणि बटण तसंच राहिलं. लांब्याच्या पाठीमागे त्याचा स्वतःचा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, होता, त्यामुळे स्टेजवरच्या कुणालाच काही कळलं नाही. समोर टेबलांपर्यंत मात्र दोन तास बेसचा टिपूसही पोचला नाही. त्या वेळी मी मिक्सरपाशी होतो असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर मी काउंटरवरच्या मुलीला मिक्सर चालवणं किती अवघड असतं ते समजावत होतो.

लांब्या घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचतो. बारा वर्षं आमच्या बँडमध्ये चार जाड तारांची ती गिटार वाजवत होता आणि त्या बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याची बायको ऐकायला आली होती. घरी जाताना तिने विचारलं, "तुम्ही तिथे उभं राहून नेमकं करता काय?" त्याला थट्टा वाटली. तिने फोनवर घेतलेलं चित्रण लावलं, तेव्हा थट्टा राहिली नाही.

सोमवारी तो सरावाच्या खोलीत आला. तेच चित्रण आम्हाला दाखवलं, बँडची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हॉटेलवाल्याला विचारा, त्याला काय वाटलं." विचारायची गरज नव्हती. हॉटेलवाला शनिवारीच म्हणाला होता, आज आवाज अगदी स्वच्छ होता, असाच ठेवत जा.

लांब्या गेला. मी दोनदा त्याच्या घरी जाऊन माफी मागून आलो. त्याने दोन्ही वेळा चहा पाजला आणि दोन्ही वेळा नाही म्हणाला.

आता मामाबद्दल सांगायला हवं, कारण लांब्या जाण्याने घर बसलं ते मामाचं. माझा मामा शिलाई मशीन दुरुस्त करतो. घरगुती नव्हे, कारखान्यातली, मिनिटाला हजारो टाके घालणारी. छप्पन्न वर्षांचा, बुटका, तुरुतुरु चालणारा. त्याच्याबरोबर चालायचं म्हणजे मागून धावायचं. जेवायला बसला की आपण मीठ मागेपर्यंत तो हात धुऊन आलेला असतो. सतराव्या वर्षी तो कपड्यांच्या कारखान्यात लागला. चाळीस मशिनांच्या गोंगाटात बाकीचे कानात बोळे घालायचे, हा त्यात ठेका शोधायचा. एकदा परदेशातून आलेल्या मशीनच्या खोक्यात, भुशात, कुणीतरी विसरलेली एक कॅसेट निघाली. वर नाव नाही, गाव नाही. मामाने ती घरी नेऊन लावली आणि फंक नावाचं प्रकरण आमच्या खानदानात शिरलं. मामीच्या भाषेत, खोक्यातून नुसतं मशीनच निघालं असतं तर परवडलं असतं.

फंक म्हणजे काय, हे मामा कुणालाही, अगदी मशीन उघडून ठेवलेल्या गिऱ्हाईकालासुद्धा, समजावून देतो. "पहिला ठोका सगळ्यांनी मिळून घालायचा. खिळा ठोकल्यासारखा. मग पुढच्या तीन मात्रा ज्याला जे बोलायचं ते बोला, पण थोडं बोला. आणि खिळा पुन्हा त्याच भोकात." त्याच्या मते ढोल म्हणजे हातोडा आणि बेस म्हणजे खिळा. गिटार, गाणारा वगैरे मंडळी भिंतीवरच्या तसबिरी.

तसबिरी दोनच. गिटार वाजवून गाणारा दातांचा डॉक्टर, आणि कीबोर्डवर स्वतः मामी. ड्रम्सवर मामा आणि मिक्सरवर मी. मी दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासतो, म्हणजे लोकांच्या चुका काढायचा पगार घेतो. आमच्या छोट्या गावातल्या शाळेत वाद्य असं एकच होतं, कवायतीचा ढोल, आणि त्याला हात लावायची मुलांना बंदी होती. त्यामुळे माझं संगीताचं शिक्षण मामाच्या दुकानामागच्या खोलीत, सुट्या भागांच्या फळ्यांखाली झालं.

लांब्या गेल्याचं कळल्यावर हॉटेलवाल्याने मामाला बोलावलं. नऊ वर्षं शनिवारची संध्याकाळ आमची होती. तो म्हणाला, "पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारपर्यंत पूर्ण बँड आणा. नाहीतर मी गाण्याचं मशीन घेतोय. लोक स्वतःच गातील."

"लोक वाईट गातात," मामा म्हणाला.

"पण जास्त पितात."

परत येताना मामा पहिल्यांदाच माझ्या बरोबरीने, म्हणजे हळू, चालत होता. दुकानाचं शटर उघडताना म्हणाला, "आठवड्याचे सहा दिवस मी दुसऱ्यांची मशीन चालू करून देतो. शनिवार गेला तर माझ्याकडे उरलं काय रे?" मग लगेच म्हणाला, "कागद घे."

पाच आठवडे होते. मामाने सांगितलेली जाहिरात मी लिहून घेतली. आदर्श बेसवाला कसा असावा याचे अकरा मुद्दे. अंगठ्याने तारांना थपडा मारून बडेजाव न करणारा. न विचारता न बोलणारा. घरी लहान बाळ नसलेला. जाहिरात मीच तपासली, मीच वाद्यांच्या दुकानाच्या काचेवर चिकटवली. मामी ती वाचून म्हणाली, "नवरा शोधताना माझ्या बाबांनीसुद्धा एवढं बघितलं नाही." आणि मामाकडे नजर टाकून, "बघायला हवं होतं."

पहिला आला तो कॉलेजचा मुलगा. त्याच्याकडे सहा तारांची गिटार. मामाने तारा मोजल्या आणि तिथेच त्याचं तोंड कडू झालं. मामाची परीक्षा घ्यायची पद्धत अशी की गाणंबिणं काही नाही. वीस मिनिटं फक्त पहिल्या ठोक्यावर एक स्वर, बाकी तीन मात्रा गप्प. पोरगं तीन मिनिटं टिकलं. चौथ्या मिनिटाला त्याचा अंगठा सुटला आणि खोलीतल्या फळ्यांवरचे स्क्रू नाचायला लागले.

"मी एवढं शिकलो ते काय एकच स्वर वाजवायला?" त्याने विचारलं.

"हो," मामा म्हणाला.

दुसरा विमा एजंट. तो वीस मिनिटं टिकला, कारण विमावाल्यांना नकार ऐकत बसायची सवय असते. वाजवतही बरा होता. डॉक्टरला आवडला. मामा म्हणाला, "मागे ओढतो."

"कुठे ओढतो? मला तर नीट वाटला," डॉक्टर म्हणाला.

"तुम्ही दात बघा, डॉक्टर."

तिसरे एक निवृत्त गृहस्थ. बँडबाजात चाळीस वर्षं काढलेली, स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आले. घड्याळासारखं वाजवलं त्यांनी. वीस मिनिटांनंतर रुमालाने तारा पुसल्या आणि काही बोलायला तोंड उघडलं, पण अकरा मुद्दे वाचून आले होते, म्हणून मिटलं. ते गेल्यावर मामा म्हणाला, "चांगले आहेत. पण मागे पडतात. वय झालं."

"तुझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे आहेत," मी म्हणालो.

"मग चार वर्षं मागे पडतात."

असे सहाजण झाले. तो अंगठेवाला सोडला तर पाचही मागे पडले. तीन आठवडे संपले. मामा चिडचिडा झाला. कारखान्यातल्या मुकादमाशी भांडला, माझ्याशी बोलेना, जेवण आणखी लवकर उरकायला लागला. डॉक्टरने एका रविवारी दाढदुखीचा तातडीचा रुग्ण आल्याचं कळवलं. रविवारी त्याचा दवाखाना बंद असतो. मामी कीबोर्डवरचं कापड काढायची, मामा कुणाला तरी घालवून द्यायचा, मामी कापड पुन्हा घालायची. मला तर रात्री स्वप्नातही मिक्सरचं ते बटण दिसायला लागलं होतं. सगळं माझ्यामुळे झालेलं, आणि मी करू शकत होतो ते एवढंच की येणाऱ्याला वायर लावून द्यायची आणि जाणाऱ्याची काढून घ्यायची.

सातव्या आल्या त्या गाडी शिकवणाऱ्या बाई. चाळिशीच्या, कपाळावर उन्हाचा चष्मा, दारात उभ्या राहून आधी म्हणाल्या, "बाहेर माझी गाडी लावलीय, आडवी येत नाही ना?" त्यांच्या गाडीवर दोन्ही बाजूंना मोठं 'शि' लिहिलेलं होतं. नवऱ्याची बेस गिटार होती, नवऱ्याला कंटाळा आला, यांनी उचलली, अशी हकिगत. बाई दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसतात आणि त्यांच्या पायाशीसुद्धा एक ब्रेक असतो, हे त्यांनी वायर लावता लावता मला सांगितलं.

वीस मिनिटं सुरू झाली. बाईंनी एक स्वर वाजवला, गप्प राहिल्या, एक वाजवला, गप्प राहिल्या. चेहऱ्यावर काही नाही. दहाव्या मिनिटाला त्यांनी मामाच्या पायाकडे बघायला सुरुवात केली. पंधराव्याला थांबल्या.

"काय झालं?" मामा म्हणाला.

"तुम्ही पळताय."

मामीने एका स्वरावर बोट ठेवलं होतं ते तसंच राहिलं.

"मी पळतोय?" मामा म्हणाला. "बाई, मी पस्तीस वर्षं वाजवतोय."

"तेही दिसतंय. पण पळताय. सुरुवातीला नाही, हळूहळू. उतारावर ब्रेकवरचा पाय सुटतो ना, तसं. माणसाला कळत नाही, झाडं मागे जायला लागतात तेव्हा कळतं."

"तुम्ही मागे पडत असाल."

"असेन," बाई म्हणाल्या. "माझ्या शेजारी बसणारे सगळे असंच म्हणतात." त्यांनी गिटार पिशवीत घातली, माझ्या हातात वायर दिली आणि मामीला नमस्कार करून गेल्या. बाहेर गाडी सुरू झाली. जाताना इशाऱ्याचा दिवासुद्धा दिला.

मामा फाडफाड बोलला. बाईमाणसाने गाडी शिकवावी, ताल शिकवू नये. नाकाने कांदे सोलतात. माझ्यासारख्या माणसाला, वगैरे. मामीने मामाला बोलायची संधी सोडली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"मामी, पळतो का तो?" मामा गेल्यावर मी विचारलं.

"मी कीबोर्ड वाजवते. मला काय कळतं," मामी म्हणाली, आणि कापड घालायला लागली. मग कापडाकडे बघतच म्हणाली, "लग्नाच्या वरातीतसुद्धा माझ्या पुढे चालत होते."

मी तिसऱ्यांदा लांब्याकडे गेलो. या वेळी माफी मागितली नाही, सरळ विचारलं. लांब्याने चहाची बशी खाली ठेवली आणि हसला. बारा वर्षांत मी त्याला हसताना फार तर चारदा पाहिलं असेल.

"पळतो म्हणजे काय, सुटतो," तो म्हणाला. "पहिल्या महिन्यातच कळलं मला. मग मी थोडा मागे राहायचो. केसभर. तो पुढे ओढायचा, मी मागे. दोघांच्या मध्ये गाणं बरोबर जागेवर बसायचं. लोक म्हणायचे, काय मजा आहे हो तुमच्या ठेक्यात."

"आणि त्याला सांगितलं नाहीस कधी?"

"कशाला? शनिवारी दोन तास तो किती खूश असतो, बघितलंयस ना." बशी पुन्हा उचलून म्हणाला, "ओढून ओढून मी मात्र थकायचो रे. तू बटण दाबलंस ते निमित्त. त्या चित्रणात माझा आवाज नव्हता, पण लय बघ, कशी जागच्या जागी आहे. बायकोला दाखवावं म्हटलं, हे बघ, हे मी करतो. पण नसलेल्या आवाजाकडे बोट कसं दाखवायचं?"

मी चहा प्यायलो.

"मामाला सांगू नकोस," दारापर्यंत येऊन तो म्हणाला. "मी सांगितलं म्हणून तर नाहीच."

मी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? ज्याच्या फळ्यांखाली वाढलो त्याला म्हणायचं, तुला हवा तसा बेसवाला जगात एकच होता, आणि तोसुद्धा बारा वर्षं तुला सांभाळून घेत होता? कार्यक्रमाला जेमतेम दीड आठवडा उरला होता. मी छापखान्यात चुका काढत राहिलो आणि घरी गप्प बसलो.

गुरुवारी दुपारी डबा द्यायला दुकानात गेलो. मामा कारखान्यात गेलेला, दुकानात मामी. कामाच्या मशीनखालून पांढऱ्या कापडाची लांबच लांब पट्टी निघून जमिनीवर वेटोळं घालून पडली होती. सुई काढून ठेवलेली. पट्टीवर शिंप्याच्या निळ्या खडूने आडव्या रेघा.

"हे काय?"

"काल दुकान बंद करून बसले होते," मामी म्हणाली. "मोटर अगदी हळू लावली. मशीन कापड ओढतंय एकाच वेगाने. आणि हे शेजारी बसून पायाने ठेका धरतायत, तोंडाने गाणं म्हणतायत, आणि प्रत्येक पहिल्या ठोक्याला खडूची रेघ. अख्खं गाणं. मी म्हटलं, आता डोक्यावरही परिणाम झाला."

मी पट्टी हातात घेतली. पहिल्या टोकाला दोन रेघांत माझी चार बोटं बरोबर बसत होती. मधे चार बोटं जरा अडायला लागली. शेवटच्या टोकाला साडेतीन बसत होती, चौथं बाहेर. पट्टी आठ मीटर तरी असेल. अशा तीन पट्ट्या होत्या. तिन्हींची तीच कथा. मशीनवर पळण्याचा आरोप करता येत नाही, ते मामाने स्वतः दुरुस्त केलेलं होतं.

तेवढ्यात मामा आला. माझ्या हातात पट्टी पाहिली. हातातला पेचकस पेटीत ठेवला, पेटी बंद केली, पुन्हा उघडली.

"सहाजणांना घालवलं मी," तो म्हणाला.

"पाच," मी म्हणालो. "तो अंगठेबहाद्दर गेलाच पाहिजे होता."

"तो गेलाच पाहिजे होता," मामाने कबूल केलं. मग पट्टी गुंडाळत म्हणाला, "लांब्याला माहीत असणार."

मी डब्याचं झाकण उघडत बसलो.

"असणारच," मामा म्हणाला. "बारा वर्षं. एक शब्द नाही बोलला गाढव."

मग मला घेऊन तो निघाला. गाडी शिकवणाऱ्या बाई चौकाच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानात सापडल्या. एक घामाघूम गृहस्थ गाडी मागे घेत होते. बाईंनी आम्हाला पाहिलं आणि मागच्या सीटवर बसायची खूण केली, धडा अर्धवट सोडता येत नव्हता. तर माझ्या मामाने आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट मागे जाणाऱ्या गाडीत, मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून सांगितली.

"मी मोजून बघितलं. तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे."

"काच बघा, काच," बाई त्या गृहस्थांना म्हणाल्या. आणि आरशातून मामाला, "किती?"

"शेवटाला चार बोटांत अर्धं बोट."

"हं. बरंच आहे."

"पुढच्या शनिवारी कार्यक्रम आहे. तुम्ही याल का?"

"येईन. पण मी तुम्हाला मागून ओढत बसणार नाही. माझी पाठ दिवसभर या सीटवर असते. तुम्हीच सरळ चालायला शिकायचं." गाडी खांबापासून वीतभर अंतरावर थांबली. ती बाईंच्या पायाने थांबली होती. "आजपासून रोज अर्धा तास. ताल मोजणारी टिकटिक डबी लावून. माझ्यासमोर. शनिवारपर्यंत नऊ दिवस, म्हणजे नऊ अर्धे तास."

"रोज?" मामा म्हणाला. "मी छप्पन्न वर्षांचा आहे."

पुढच्या सीटवरचे गृहस्थ मान वळवून म्हणाले, "मी एकसष्टचा आहे. मला रोज एक तास बोलावतात."

ते नऊ दिवस कुणी पुन्हा दिले तरी मी ते जगणार नाही. मामा टिकटिक करणाऱ्या त्या डबीला शिव्या घालायचा. डबी बिघडली आहे असं त्याचं ठाम मत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने ती उघडून, साफ करून, पुन्हा जोडली आणि ती बिघडली नसल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर दिवसभर राहिलं. हळू वाजवताना त्याला घाम यायचा. बाई समोर स्टुलावर बसून मधेच फक्त पाय आपटायच्या, जणू तिथे ब्रेक आहे. तो चिडायचा, काठ्या टाकून बाहेर जायचा, दुकानाला एक फेरी मारून यायचा. "फेरी पण जोरातच मारतात," मामी खिडकीतून बघून सांगायची.

शनिवार आला. मी मिक्सरसमोर मांडी घालून बसलो आणि काउंटरच्या दिशेने पाठ केली. मामा पहिल्या गाण्यात दातांवर दात ठेवून वाजवत होता. आनंदी दिसत नव्हता. बाईंनी एकदाही मागे ओढलं नाही. पहिला ठोका आला की त्या तिथे असायच्या, आणि मामा कसाबसा, धावत न येता, यायचा. पाचव्या गाण्यानंतर त्याने मान हलवली, म्हणजे रडतखडत का होईना, बसलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फार नाही, नेहमीएवढ्या.

शेवटी हॉटेलवाला आला, घड्याळाकडे बोट दाखवत. "तीच गाणी, तेवढीच गाणी, आणि आज बारा मिनिटं जास्त? माझा आचारी खोळंबलाय."

मामा त्याच्याकडे बघत राहिला. बारा मिनिटं. नऊ वर्षांतल्या शनिवारांचा हिशोब त्याच्या डोक्यात फिरला असावा. म्हणजे इतके दिवस गाणी बारा मिनिटं आधी संपायची, आणि तीही लांब्या मागे ओढत असताना. लांब्यालाही सगळं पेलत नव्हतं, हे आता दिसलं.

"पुढच्या शनिवारी एक गाणं कमी करू," मामा म्हणाला.

"म्हणजे शनिवार आपलाच?" मी विचारलं.

"मी नाही कुठे म्हणालो," हॉटेलवाला म्हणाला. "ते गाण्याचं मशीन महाग निघालं."

परत येताना मामी आणि डॉक्टर पुढे, मामा मागे. बाई गाडीत पिशवी ठेवत होत्या.

"एक अर्धा तास राहिलाय," त्या मामाला म्हणाल्या. "काल तुम्ही आला नाहीत."

"कारखान्यात मशीन अडलं होतं."

"मी काल त्या कारखान्यावरूनच आले. फाटक बंद होतं."

मामाने माझ्याकडे बघितलं. मी गुंडाळलेल्या वायरी मोजत होतो.

"देईन," तो म्हणाला. "उद्या."

तो उद्या होऊन आता चार रविवार झाले. बाई दर रविवारी सरावाला येतात, स्टूल पुढे ओढतात आणि विचारतात, "तो अर्धा तास?" मामा काठ्या शोधायला लागतो.